निम्मं वजन टाकीचंच: कॅम्परसाठी हलकी प्रोपेन टाकी निवडताना

9 किलो प्रोपेन मावणारी पोलादी टाकी भरली की तिचं वजन जवळपास 17 किलो होतं. म्हणजे ती कॅम्परवर, गाडीमागे ओढायच्या फिरत्या घरावर, चढवताना आपण जेवढा गॅस उचलतो, जवळजवळ तेवढंच पोलादही उचलतो. गॅस संपला तरी ते 8 किलो पोलाद प्रवासभर बरोबर राहतंच. म्हणून हलकी टाकी हवीशी वाटणं साहजिक आहे. पण बहुतेक जण थेट टाकी कशाची बनली आहे याकडे वळतात आणि पहिला प्रश्न मागे पडतो: एवढा गॅस आपल्याला लागतो का?

2 किलोवॉटची शेगडी पूर्ण आचेवर तासाला साधारण 155 ग्रॅम प्रोपेन जाळते. ती रोज दीड तास पेटवली, तर 5 किलोंची टाकी तीन आठवडे पुरते. भरलेली ही टाकी पोलादाची असली तरी 10-11 किलोंच्या आसपासच असते. हीटरचं गणित वेगळं. 4 किलोवॉटचा हीटर अखंड चालला तर तासाला 300 ग्रॅमहून जास्त गॅस जातो, आणि मग मोठ्या साठ्याला पर्याय उरत नाही.

पाठीवर येणारा भार नुसत्या किलोंवर ठरत नाही. वजन कण्यापासून किती लांब आहे यावरही ठरतो. 17 किलोंची टाकी कण्यापासून 40 सेंटिमीटरवर धरली, तर 67 न्यूटन-मीटरचं आघूर्ण, म्हणजे अंगाला पुढे वाकवू पाहणारा जोर, तयार होतं. ते तोलणारे पाठीचे स्नायू कण्याच्या मागे जेमतेम 5 सेंटिमीटरवर असतात, त्यामुळे त्यांना 1300 न्यूटनपेक्षा जास्त जोर लावावा लागतो. हा झाला सव्वाशे किलोंहून जास्त वजनाइतका ताण, तोही फक्त टाकीमुळे. 10 किलोंची सडपातळ टाकी अंगाजवळ, 35 सेंटिमीटरवर धरली तर हाच आकडा जवळपास निम्म्यावर येतो. म्हणून एकाच मापाच्या दोन टाक्यांत उंच आणि अरुंद टाकी, दोन्ही हातांना पकड देणाऱ्या कड्याची, मी आधी निवडेन.

टाकी जड का असते, याचं उत्तर दाबात आहे. प्रोपेन उणे 42 अंश सेल्सियसला उकळतो. त्याहून वरच्या तापमानाला तो द्रवरूपात राहतो तो केवळ टाकीत कोंडल्यामुळे. 20 अंशांना आतला दाब वातावरणाच्या आठपटीहून थोडा जास्त असतो, 40 अंशांना साडेतेरापटीच्या आसपास जातो. शिवाय द्रव प्रोपेन तापला की बराच फुगतो, दर 10 अंशांना साधारण 3 टक्क्यांनी. म्हणून टाकी 80 टक्क्यांपर्यंतच भरतात. वरची जागा वाया गेलेली नसते.

हा दाब अ‍ॅल्युमिनियमही पेलतं. त्याची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश आहे, पण ताकदही कमी असल्यामुळे भिंत जाड करावी लागते. शेवटी 9 किलोंची रिकामी टाकी 8 ऐवजी सुमारे 6 किलोंची होते. ती गंजत नाही, हा खरा फायदा. तिसरा प्रकार कॉम्पोझिटचा: रेझिनमध्ये भिजवलेल्या काचतंतूंचे वेढे आणि बाहेरून प्लास्टिकचं कवच. याच मापाची ही टाकी रिकामी असताना वजनाला 5 किलोंच्या आसपास भरते. तिची भिंत अर्धपारदर्शक असेल तर द्रवाची पातळीही दिसते. धातूच्या टाकीत गॅस किती उरला हे पाहायचं तर वजन करायचं आणि कड्यावर कोरलेलं रिकाम्या टाकीचं वजन त्यातून वजा करायचं.

थंडीतलं वागणं मात्र फारसं कुणी विचारात घेत नाही. घाम वाळताना अंग गार पडतं, तसाच द्रव प्रोपेन वाफ होताना टाकी गार करतो. 4 किलोवॉटचा हीटर चालू ठेवायचा तर बाहेरच्या हवेतून साधारण 30 वॉट उष्णता सतत टाकीत शिरत राहायला हवी. ती कमी पडली की द्रव थंड होतो, दाब उतरतो आणि ज्योत मंदावते. अ‍ॅल्युमिनियममधून उष्णता पोलादापेक्षा कितीतरी सहज वाहते, म्हणून थंडीत तेच भारी, असं सांगितलं जातं. ते पुरतं खरं नाही. खरा अडथळा धातूचा नसतोच. टाकीला चिकटलेला स्थिर हवेचा पातळ थर उष्णता अडवतो, आणि तो दोन्ही टाक्यांना सारखाच. कॉम्पोझिटमध्ये मात्र कवच आणि भिंत यांच्यामधल्या हवेची त्यात भर पडते. गोठवणाऱ्या थंडीत हीटर चालवायचा असेल तर मी कॉम्पोझिट घेणार नाही. सौम्य हवेत, स्वयंपाकापुरती, तिच्याइतकी सोयीची दुसरी नाही.

छोट्या टाकीची अडचणही हीच: द्रवाला लागून असलेली भिंत कमी, त्यामुळे वाफ कमी. दोन छोट्या टाक्या एकाच वेळी उघड्या ठेवल्या तर हे क्षेत्रफळ दुप्पट होतं आणि उचलताना वजन मात्र एकीचंच. माझा कल या जोडीकडेच आहे. त्यासाठी दोन्ही टाक्या जोडता येतील असा रेग्युलेटर लागतो आणि कॅम्परला गाडीशी जोडणाऱ्या पुढच्या दांड्यावर दोघींना घट्ट धरणारी चौकट लागते. टाक्या प्रवासातही उभ्याच हव्यात. आडव्या झाल्या तर सुरक्षा झडपेपाशी वाफेऐवजी द्रव येऊ शकतो.

छोटी टाकी जास्त वेळा बदलावी लागते आणि प्रत्येक बदलात एक सांधा सुटून पुन्हा जुळतो. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड असल्यामुळे गळाला तर तळाशी साचतो. टाकीची पेटी राहण्याच्या जागेपासून बंदिस्त हवी आणि तिची भोकं तळालाच हवीत. नवी टाकी जोडली की झडप हळूच उघडून सांध्यावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर झडप लगेच बंद करा आणि वॉशर बदलल्याशिवाय शेगडी पेटवू नका.