मान अडली की गोळा निसटतो

तालुक्याच्या बसस्टँडवर खुबा बदलण्याच्या जाहिराती झळकतात: 'पुन्हा मांडी घालून बसा!' ऑपरेशन झालेल्या बाईला मात्र घरी पाठवताना बजावतात, बाजेवर बसायचं नाही. गंमत म्हणजे दोन्हींत थोडं थोडं तथ्य आहे.

विदर्भात हे दुखणं फक्त म्हाताऱ्यांचं नाही. सिकलसेल या रक्ताच्या आजारामुळे मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो, गोळा ढासळतो आणि निंदणाला जाणाऱ्या तरण्या माणसालाही कृत्रिम खुबा बसवावा लागतो.

खुबा म्हणजे शाळेतला उखळीचा सांधा. आपला मूळ गोळा साडेचार-पाच सेंटिमीटरचा. ब्रिटिश सर्जन जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये प्लॅस्टिकच्या वाटीत बसवलेला धातूचा गोळा जेमतेम २२ मिलिमीटरचा होता. आता बहुधा २८, ३२ किंवा ३६चा बसवतात.

पण खरी मेख गोळ्याखालच्या मानेत आहे. मान वाटीच्या काठाला टेकली की हालचाल संपली. त्यापुढे पाय रेटला तर मांडीच्या लांब हाडाची सब्बल होते, काठ टेकू होतो आणि गोळा उचकटून बाहेर येतो. वाटी अर्धगोल आणि मान १२ मिलिमीटर जाड धरा. २२च्या गोळ्याला ११४ अंशांची मोकळीक मिळते, २८ला १२९, ३६ला १४१. शिवाय निसटायला गोळ्याला साधारण त्रिज्येइतकं सरकावं लागतं, म्हणजे ११ऐवजी १८ मिलिमीटर. मग ५०चाच का नको? गोळा वाढला की प्लॅस्टिकचा थर पातळ होतो, आणि एका मर्यादेपुढे मानेआधी हाडच हाडाला अडतं.

आता बाज. दोर सैल, कंबर खाली, गुडघे वर. त्यात पायाशी पडलेला तांब्या उचलायला वाकलं आणि पाय आत वळला, की मागच्या बाजूने ऑपरेशन केलेल्या खुब्याची कसोटीच. मांडी घालताना पाय बाहेर वळतो, म्हणून ती तुलनेने बरी; तीही टाके-स्नायू भरून आल्यावर, डॉक्टरांना विचारूनच.

खुबा असा मागे निखळला तर पाय आखूड आणि आत वळलेला दिसतो. तेव्हा तेल लावून पाय ओढणाऱ्याकडे नेणं म्हणजे शेजारच्या मोठ्या नसेशी खेळ. एक्स-रे आणि भूल, दोन्ही लागतात.

बसताना आपलं कटीचं हाड मागे कलतं, वाटीचं तोंड पुढे उघडतं आणि मानेला जागा मिळते. कंबर आखडलेल्यांचं ते कलतच नाही. अशांचे काही सर्जन आधी उभ्याने आणि बसून असे दोन एक्स-रे काढतात, मगच वाटीचा कोन ठरवतात.