मुंबई–दिल्ली हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ : पार्श्वभूमी

नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवासी वाहतूक सुरू झाली आणि ठाणे, ऐरोली, पनवेल या पट्ट्यातील प्रवाशांना दिल्लीला जाण्यासाठी दुसरा पर्याय मिळाला. जुना आणि नवा विमानतळ एकमेकांपासून सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटरवर असले, तरी दिल्लीचे हवाई अंतर दोन्हीकडून जवळपास सारखेच, म्हणजे सुमारे ११४० किलोमीटर भरते. राजधानी एक्स्प्रेसला मुंबई सेंट्रलहून नवी दिल्ली गाठण्यासाठी १३८४ किलोमीटर धावावे लागते.

हे अंतर कधीच बदलले नाही. बदलत गेला तो वेळ, आणि त्याचा प्रवास मोठा वाकडातिकडा आहे. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली डाकोटा विमाने रात्री नागपूरला एकत्र येत, तेथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि विमाने परत फिरत. मुंबईचे पत्र दिल्लीला जाताना अशा रीतीने सुमारे ४०० किलोमीटरचा वळसा घेत असे, तरीही ते रेल्वेच्या आधी पोहोचे. डाकोटाचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या आतलाच असल्याने थेट उड्डाणालाही चार तास लागत. १९५७ मध्ये आलेल्या व्हायकाउंटने हा वेळ बराच कमी केला, तर १९६४ मध्ये इंडियन एअरलाइन्सने कॅरव्हेल हे जेट विमान आणल्यावर तो दोन तासांच्या घरात आला.

गंमत अशी की वेगाची गोष्ट तेथेच थांबली. कॅरव्हेल ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास उडे आणि आजचे एअरबस ए-३२० ही त्याहून फारसे वेगाने जात नाही, कारण वेग वाढवला की इंधनाचा खर्च परवडत नाही. तिकिटावर आज सव्वादोन तासांच्या आगेमागे दिसणारा वेळ केवळ आकाशातला नसतो. विमान जागेवरून मागे ढकलले जाते तेव्हापासून दिल्लीत उभे राहून चाकांना अडसर लागेपर्यंतचा तो हिशेब असतो. मुंबईच्या जुन्या विमानतळावरील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी प्रत्यक्षात एकच वापरता येते आणि विमानांची रांग लागते. कंपन्या ही खोळंब्याची शक्यता वेळापत्रकातच धरून ठेवतात. शिवाय पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर ‘वेळेवर’ या सदरात मोजला जात असल्याने वक्तशीरपणाची आकडेवारी प्रवाशाने थोडी हात राखूनच वाचावी.

हवाई मार्गही सरळ नसतो. देशाच्या हवाई क्षेत्रापैकी सुमारे ६० टक्केच भाग नागरी विमानांना मोकळा असल्याचे केंद्रीय अर्थमंत्र्यांनी मे २०२० मध्ये सांगितले होते. उरलेल्या क्षेत्राला वळसा घालताना जास्तीचे किलोमीटर पडतात आणि हिवाळ्यात दिल्लीच्या धुक्याची भर पडली की सगळाच हिशेब कोलमडतो.

नव्या विमानतळामुळे धावपट्टीवरील ताण विभागला जाईल, पण दोन्ही विमानतळांची विमाने मुंबई परिसराच्या एकाच आकाशातून चढणार-उतरणार असल्याने उड्डाणाचा वेळ घटण्याची अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. ठाणेकराच्या दृष्टीने फरक पडतो तो घरापासून टर्मिनलपर्यंत: एकीकडे पूर्व द्रुतगती महामार्ग आणि त्यापुढचे जोडरस्ते, दुसरीकडे ठाणे–बेलापूर रस्ता, आणि यांपैकी सकाळी कोणता कमी तुंबलेला आहे एवढाच प्रश्न.