पिरेनीज पर्वत

फ्रान्स व स्पेन यांच्या सरहद्दीवरील पर्वतश्रेणी. पश्चिमेस बिस्केच्या उपसागरापासून पूर्वेस भूमध्य समुद्रातील क्रेउस भूशिरापर्यंत तिची लांबी सुमारे ४३० किमी. आहे. अँडोरा हा ४६८ चौ. किमी. क्षेत्रफळाचा देश तिच्या पूर्व भागात वसलेला आहे.

क्रिटेशस कालखंडाच्या (सुमारे १४.५ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा काळ) उत्तरार्धापासून आयबेरियन व यूरेशियन भूपट्ट एकमेकांवर रेटले गेले आणि त्या दाबाने ही श्रेणी उंचावली. मध्यभागी ग्रॅनाइटासारखे प्राचीन खडक उघडे पडले असून सर्वोच्च शिखर आनेतो (३,४०४ मी.) त्यांतच आहे, मोंते पेर्दिदो (३,३५५ मी.) मात्र चुनखडकाचे आहे. त्याच्याजवळील गाव्हार्नी या हिमगव्हराच्या (हिमनदीने कोरलेल्या अर्धवर्तुळाकार खोलगट भागाच्या) कड्यावरून ४०० मी.पेक्षा उंच धबधबा कोसळतो. उत्तरेचा उतार तीव्र आहे, तर दक्षिणेस समांतर डोंगररांगांमधून जमीन हळूहळू एब्रो नदीच्या खोऱ्याकडे उतरते. पश्चिम भागात अटलांटिकवरून येणाऱ्या पावसामुळे बीच वृक्षांची दाट वने आढळतात. पूर्व भाग कोरडा आहे. मध्यभागी सखल खिंडी जवळजवळ नसल्याने मुख्य रहदारी दोन्ही टोकांकडून, समुद्रकाठाने चालते.

१६५९ च्या पिरेनीज तहाने हा पर्वत दोन्ही राज्यांची सीमा ठरला. तिची तपशीलवार आखणी १८५६ ते १८६८ दरम्यानच्या बायोन करारांनी झाली. सीमा साधारणपणे जलविभाजकावरून (दोन बाजूंच्या नद्यांचे पाणी वेगळे करणाऱ्या उंच रेषेवरून) जाते, पण तिचे अपवाद नियमापेक्षा अधिक बोलके आहेत. आरान खोरे उत्तर उतारावर असूनही स्पेनमध्ये आहे. याउलट सेर्दान्या खोऱ्याचा वरचा भाग फ्रान्सकडे असला, तरी तेथील पाणी सेग्रे नदीतून स्पेनमधील एब्रोला मिळते. याच खोऱ्यातील ३३ खेडी १६६० मध्ये फ्रान्सला देण्यात आली. यीविया मात्र खेडे नसून नगर असल्याच्या आधारावर स्पेनकडेच राहिले आणि आजही ते चहूबाजूंनी फ्रेंच भूमीने वेढलेले आहे. ज्या बेटावर १६५९ चा तह झाला, त्या बिदासोआ नदीतील फेझंट बेटाचा ताबा दोन्ही देशांकडे दर सहा महिन्यांनी आलटून पालटून जातो.

मुळात पृष्ठभागावर दिसणारा जलविभाजक तरी कितपत खरा, हा प्रश्न उरतोच. आनेतोच्या हिमनदीचे वितळपाणी आइग्वायुत्स येथील चुनखडकातील विवरात गडप होते. भूरचना पाहता ते एसेरा नदीवाटे एब्रोला व भूमध्य समुद्राला मिळायला हवे. फ्रेंच गुहासंशोधक नॉर्बर कास्तेरे यांनी १९३१ मध्ये या विवरात फ्लुओरेसीन हा रंग सोडला, तेव्हा पर्वतापलीकडे आरान खोऱ्यातील झरे हिरवे झाले. ते पाणी गारोन नदीतून बोर्दो शहरावरून अटलांटिक महासागरास मिळते. म्हणूनच गारोनच्या उगमांमध्ये या झऱ्यांचीही गणना केली जाते.