कालचा मासा आजच्यापेक्षा चवदार कसा?

जपानमधल्या शिमोनोसेकीचा कारातो मासळीबाजार अगदी पाण्याला लागून आहे. समोर कानमोन सामुद्रधुनी, पलीकडे क्यूशू बेट. शुक्रवार ते रविवार इथले मासेवाले सुशीही मांडतात, तेव्हा पर्यटकांची झुंबड उडते. टाकीत पोहणारा मासा दिसला की वाटतंच, हाच आत्ता कापून द्या! जितका ताजा तितका चवदार, हा समज आपल्याकडेही पक्का. कल्ले उघडून बघितल्याशिवाय आपण पापलेट घेत नाही. मासा उतरलेला नाही, एवढं त्यावरून कळतं. चव मात्र मासा मेल्यानंतर तयार होते, आणि ती कशी, हे मला या सगळ्या बाजारातलं सर्वात सुंदर रसायनशास्त्र वाटतं.

सुरुवात मारण्यापासून करू. जपानी पद्धतीचं नाव इकेजिमे. आपल्या लेपीसारखा चपटा हिरामे घ्या. डोळ्याच्या जरा मागे टोकदार सळई थेट मेंदूत जाते. मासा क्षणभर ताठरतो, तोंड वासतो, कल्ले फाकवतो आणि सैल पडतो. मग कल्ल्याजवळ आणि शेपटीशी चिरा देऊन रक्त काढतात. शेवटी कण्यातल्या पोकळीत बारीक तार सारतात. तार आत जाताना मेलेल्या माशाच्या अंगावरून थरथर धावत जाते. मेंदू बंद पडला तरी मज्जारज्जू स्नायूंना आकडीचे आदेश देत राहतो. तारेने तो नष्ट होतो.

एवढा खटाटोप एटीपी वाचवण्यासाठी. पेशीची ही ऊर्जा शाळेत आपण सगळ्यांनी वाचलेली असते. स्नायूतले ॲक्टिन आणि मायोसिन हे धागे एकमेकांना पकडतात, आणि ती पकड सोडवायला एटीपी लागतो. तो संपला की पकड सुटतच नाही आणि मासा लाकडासारखा कडक होतो. तडफडून मेलेल्या माशाने हा साठा आधीच उधळलेला असतो, वर लॅक्टिक आम्ल साचतं. इकेजिमे केलेल्या माशात साठा शिल्लक राहतो आणि कडकपणा उशिरा येतो.

आता तो साठा पायरीपायरीने मोडतो: एटीपीचा एडीपी, त्याचा एएमपी, त्याचा आयएमपी, म्हणजे इनोसिनिक आम्ल. इथवरचा प्रवास झपाट्याने होतो. पुढची पायरी बहुतेक माशांत संथ असते, म्हणून आयएमपी साचतो. हीच उमामी, म्हणजे रश्शासारखी भरदार चव! सुकवलेल्या बोनिटो माशात ती शिंतारो कोदामा यांनी 1913 मध्ये शोधली. सोया सॉसमध्ये ग्लुटामेट असतं. जिभेवरच्या चव ओळखणाऱ्या ज्या ग्राहकाला (रिसेप्टरला) ग्लुटामेट चिकटतं, त्यालाच शेजारी आयएमपी चिकटतो आणि ती पकड घट्ट करतो. म्हणून दोन्ही एकत्र आले की चव बेरजेने नाही, पटीने वाढते. पुढे आयएमपीपासून इनोसिन आणि त्यापासून कडवट हायपोझँथिन बनतं. या शेवटच्या दोघांचं एकूण साखळीतलं शेकडा प्रमाण म्हणजे के-मूल्य, माशाच्या ताजेपणाचं माप. कच्चा खायच्या माशात ते साधारण 20 टक्क्यांच्या आत असावं, असं मानतात. माकुल आणि शिंपल्यांत मात्र एएमपीचा आयएमपी करणारं विकर फार कमी, त्यामुळे तिथे एएमपीच साचतो आणि वाट थोडी बदलते.

शिमोनोसेकी फुगू या विषारी माशासाठी प्रसिद्ध आहे. तिथे त्याला ‘फुकू’ म्हणतात, म्हणजे भाग्य. शुभ नावाने टेट्रोडोटॉक्सिन विष कमी होत नाही, शिजवूनही जात नाही. माणसं वाचतात ती परवानाधारक आचारी विषारी अवयव नेमके काढतो म्हणून.

चव तयार होण्याचं हे सगळं काम बर्फाच्या थंडाव्यातच चालतं, हे विसरू नका. उन्हात राहिलेल्या बांगड्यात जिवाणू हिस्टामीन तयार करतात आणि ते कालवणात उकळूनही टिकतं.

फुगूचं मांस इतकं चिवट की कापल्या कापल्या ते चावलंच जात नाही. ते एखाद-दोन दिवस थंडीत मुरवतात आणि मग इतके पातळ काप काढतात, की खालच्या बशीवरची नक्षी आरपार दिसते.