कंपनी बुडते, तिजोरी धावते: बेलआउटची, म्हणजे बुडत्या कंपनीला सरकारी पैशानं वाचवण्याची पार्श्वभूमी

1772 साली लंडनमधल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदामांत न खपलेल्या चहाच्या थप्प्या लागल्या होत्या. बंगालमध्ये नुकताच भीषण दुष्काळ पडून गेला होता, लष्करावरचा खर्च आवरत नव्हता, आणि संचालक मात्र भागधारकांना साडेबारा टक्के लाभांश वाटत होते. मग युरोपात पतसंकट आलं, उधारी आटली आणि कंपनी सरकारच्या दारात उभी राहिली. सरकारही अडकलेलं होतंच, कारण कंपनीनं दरसाल 4 लाख पौंड तिजोरीत भरायचं कबूल केलं होतं.

1773 मध्ये संसदेनं 14 लाख पौंडांचं कर्ज मंजूर केलं, पण फुकट नाही. कर्ज फिटेपर्यंत लाभांश सहा टक्क्यांच्या वर न्यायचा नाही, ही अट घातली. शिवाय रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट आणून कारभारावर सरकारी नजर बसवली. पडून असलेला चहा अमेरिकेत स्वस्तात खपवायची सवलतही दिली. त्यातला काही चहा त्याच डिसेंबरात बोस्टनच्या बंदरात बुडाला, ती गोष्ट शाळेत सगळेच शिकतात. कंपनी वाचवण्याच्या खटपटीतून ती उद्भवली, हे सहसा कोणी सांगत नाही.

विसाव्या शतकात तत्त्वं फार टिकली नाहीत. डबघाईच्या उद्योगांना पोसणार नाही, असं बजावून ब्रिटनमध्ये सत्तेवर आलेल्या पंतप्रधान हीथ यांच्या सरकारनं 1971 मध्ये विमानांची इंजिनं बनवणाऱ्या रोल्स-रॉइसचं राष्ट्रीयीकरण केलं. तिच्या इंजिनांवर लॉकहीडचं नवं विमान अवलंबून होतं, म्हणून अमेरिकेत लॉकहीडही गाळात गेली. तिच्या 25 कोटी डॉलरच्या कर्जहमीचं विधेयक सिनेटमध्ये 49 विरुद्ध 48 मतांनी, म्हणजे एका मतानं तरलं.

माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखं प्रकरण क्रायस्लर या अमेरिकन मोटार कंपनीचं. 1979 मध्ये तिला 150 कोटी डॉलरपर्यंत कर्जहमी देण्याचा कायदा झाला. बँकांनी येणं सोडायचं, कामगारांनी पगारात कपात सोसायची, पुरवठादारांनीही झळ घ्यायची, तेव्हा सरकार हमी देणार. तिजोरीनं आणखी एक गोष्ट लिहून घेतली: 1.44 कोटी शेअर प्रत्येकी 13 डॉलरनं विकत घेण्याचा हक्क. कंपनी सावरली, 1983 मध्ये मुदतीच्या सात वर्षं आधी कर्ज फेडलं, शेअर दुपटीच्या वर गेला. तेव्हा कंपनीला वाटलं, सरकारनं हा हक्क आता सोडून द्यावा! सरकारनं त्याचा लिलाव केला आणि क्रायस्लरलाच तो 31.1 कोटी डॉलर मोजून सोडवून घ्यावा लागला. अर्थात बंद कारखान्यांतले कामगार काही परत आले नाहीत.

पुढच्याच वर्षी अमेरिकेतली काँटिनेंटल इलिनॉय बँक कोसळली. ठेव विम्याची मर्यादा 1 लाख डॉलर असूनही सगळ्या ठेवीदारांना सरकारी यंत्रणेनं सांभाळून घेतलं, आणि ‘टू बिग टू फेल’ (बुडू देता येणार नाही इतकी मोठी) हे शब्द तोंडोतोंडी झाले.

2008 मध्ये या शब्दांची कसोटी लागली. 15 सप्टेंबरला अमेरिकन सरकारनं लेहमन ब्रदर्स या गुंतवणूक बँकेला बुडू दिलं आणि दुसऱ्याच दिवशी एआयजी या विमा कंपनीसाठी 8,500 कोटी डॉलर काढले. बदल्यात सरकारनं जवळपास ऐंशी टक्के मालकी घेतली, आणि शेवटी हिशेब नफ्यातच निघाला. लोक चिडले ते वेगळ्याच कारणानं. एआयजीशी सौदे केलेल्या मोठ्या बँकांना पैन् पै मिळाली, आणि ज्या विभागानं कंपनी गोत्यात आणली तिथल्या लोकांना 2009 च्या मार्चमध्ये सुमारे 16.5 कोटी डॉलरचे बोनस. जनरल मोटर्स ही मोटार कंपनी वाचवताना तर करदात्यांचे 1,000 कोटी डॉलरहून जास्त बुडाले, तरी तिथे आरडाओरडा त्या मानानं कमी झाला.

त्यानंतर नियम कडक झाले. बुडालो तर कारभार कसा गुंडाळायचा, याचा आराखडा आधीच करून ठेवायची सक्ती मोठ्या बँकांवर आली. 2023 च्या मार्चमध्ये क्रेडिट स्विस या स्विस बँकेची पाळी आली, तेव्हा स्विस सरकारनं शनिवार-रविवारात तिचं यूबीएस या दुसऱ्या मोठ्या बँकेशी लग्न लावलं. भागधारकांना सुमारे 300 कोटी फ्रँक मिळाले. एका जातीच्या रोख्यांवर 1,600 कोटी फ्रँक लावलेल्यांना शून्य. एरवी वाटपाच्या रांगेत भागधारक सगळ्यात शेवटी उभा असतो. त्या रोखेधारकांनी कोर्टाची पायरी चढली.