रेकॉर्ड लॉकिंग (जावा)

नोंद बदलण्याआधी ती एकाच क्लायंटच्या (साठ्याकडे काम मागणाऱ्या प्रोग्रॅमच्या) नावे राखून ठेवायची आणि काम झाले की मोकळी करायची, अशी ही पद्धत. तयार डेटाबेस हे काम स्वतः करतो; साध्या फाइलवर साठा उभारला, तर मात्र ते प्रोग्रॅमरच्या अंगावर येते. त्यात इंटरफेस (क्लासने कोणत्या मेथड द्यायच्या याचा आराखडा) आधीच ठरलेला असेल, तर खरी अडचण एक्सेप्शनपाशी, म्हणजे चूक झाल्याची खबर बाहेर फेकण्यापाशी होते.

जावाचा नियम असा: इंटरफेसमधील मेथडच्या थ्रोज यादीत (जाहीर केलेल्या एक्सेप्शनच्या यादीत) न बसणारे चेक्ड एक्सेप्शन (जे जाहीर करणे किंवा हाताळणे सक्तीचे असते ते) ती मेथड लिहिणाऱ्या क्लासला बाहेर फेकता येत नाही. यादी कमी करता येते, वाढवता येत नाही. समजा, लॉक() मेथडने फक्त ‘रेकॉर्ड सापडले नाही’ एवढेच एक्सेप्शन जाहीर केले आहे. नोंद दुसऱ्याकडे असेल तर थ्रेडला (प्रोग्रॅममधील कामाच्या एका स्वतंत्र धाग्याला) वेट() करून थांबावे लागते आणि वेट() मधून इंटरप्टेडएक्सेप्शन येऊ शकते, तेही चेक्डच. ते रिकाम्या कॅच ब्लॉकमध्ये (एक्सेप्शन हाताळण्याच्या भागात) गाडणे हा सर्वांत वाईट उपाय, कारण थ्रेडला आलेली थांबण्याची सूचनाच हरवते. ‘रेकॉर्ड सापडले नाही’ या नावाखाली ते खपवणेही खोटे. नोंद तर जागेवर असते. इंटरप्टची खूण पुन्हा लावावी आणि मूळ कारण जोडून रनटाइमएक्सेप्शन फेकावे; ते अनचेक्ड, म्हणजे जाहीर न करताही फेकता येते. कारण जोडण्याची सोय जावा 1.4 पासून आहे. इनपुट-आउटपुटच्या चुकांसाठी जावा 8 मध्ये अनचेक्डआयओएक्सेप्शन आले.

वेट() नेहमी व्हाइल लूपमध्येच लिहावे. थ्रेड विनाकारणही जागा होऊ शकतो. शिवाय तो थांबलेला असताना कोणी ती नोंद पुसलेली असू शकते, म्हणून जाग आल्यावर नोंद आहे का, हे पुन्हा तपासावे. ती नसेल, तर ‘सापडले नाही’ हे एक्सेप्शन खरे ठरते.

लॉकचा मालक कोण, हेही ठरवावे लागते. जावा 5 मधले रीएन्ट्रंटलॉक हे तयार लॉक मालकी थ्रेडला देते. आरएमआय (दुसऱ्या जेव्हीएममधील, म्हणजे जावा प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रणेतील, मेथड बोलावण्याची सोय) मात्र एका क्लायंटचे सगळे कॉल एकाच थ्रेडवर चालतील अशी हमी देत नाही. लॉक घेणारा थ्रेड एक आणि सोडणारा दुसरा निघू शकतो. अशा वेळी लॉक() ने लाँग प्रकारची कुकी (मालकाची ओळख पटवणारा मोठा पूर्णांक) परत द्यावी आणि अपडेट, डिलीट, अनलॉक यांनी ती मागावी. फाइललॉकचा (जावातील फाइलवरच्या तयार लॉकचा) इथे उपयोग नाही: ते संपूर्ण जेव्हीएमच्या नावे असते, आतल्या थ्रेडना एकमेकांपासून आवरत नाही.

अनलॉक() फायनली ब्लॉकमध्ये (चूक झाली तरी शेवटी चालणाऱ्या भागात) असावे, पण लॉक() ची ओळ ट्रायच्या (ज्या भागातील चुकांवर लक्ष ठेवले जाते त्याच्या) आधी. नाहीतर न मिळालेले लॉक सोडण्याचा प्रयत्न होतो आणि त्यातून उडालेले नवे एक्सेप्शन मूळ चूक झाकून टाकते.