काउबॉय नेमबाजीतील घरी भरलेली काडतुसे

काउबॉय ॲक्शन शूटिंग या अमेरिकन नेमबाजी खेळासाठी, एकदा उडवून झालेल्या पितळी पुंगळीत नवा प्रायमर (ठिणगी पाडणारी टोपी), बंदुकीची दारू व शिशाची गोळी बसवून खेळाडूने स्वतः तयार केलेली काडतुसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा पोशाख, नोंदवलेले टोपणनाव आणि त्या काळच्या घडणीच्या बंदुका असा या खेळाचा थाट असतो. कॅलिफोर्नियात 1980 च्या दशकाच्या आरंभी तो सुरू झाला. 1987 मध्ये स्थापन झालेली सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी त्याचे नियम ठरवते. दोन रिव्हॉल्व्हर, एक लिव्हर ॲक्शन (खालचा दांडा ओढून काडतूस आत घेणारी) रायफल व एक शॉटगन एवढा सरंजाम लागतो. निकाल घेतलेल्या वेळेवरून ठरतो आणि चुकलेल्या प्रत्येक नेमाला 5 सेकंदांचा दंड पडतो.

जुन्या मापांची तयार काडतुसे महाग असतात, म्हणून बहुतेक जण घरीच भरतात. पण पैशापेक्षा मोठे कारण बार उडताना हाताला बसणाऱ्या धक्क्याचे आहे. लक्ष्ये काही पावलांवर असल्याने जोरकस काडतुसाचा उपयोग नसतो. धक्का जितका कमी तितका पुढचा बार लवकर. ही हाव आवरण्यासाठी नियमाने खालची मर्यादा घातली आहे. गोळीचे ग्रेनमधील (ग्रेन म्हणजे सुमारे 0.065 ग्रॅम) वजन आणि तिचा सेकंदाला फुटांतील वेग यांचा गुणाकार भागिले 1000, हे उत्तर किमान 60 यावे लागते, शिवाय वेग 400 फुटांच्या खाली चालत नाही. 105 ग्रेनची गोळी 600 फूट वेगाने गेली तर 63, म्हणजे जेमतेम पास. वरची मर्यादा रिव्हॉल्व्हरला 1000 आणि रायफलला 1400 फूट. लक्ष्ये पोलादी असल्याने तांब्याचे कवच असलेल्या गोळ्यांना बंदी आहे.

खरी अडचण पुंगळीतल्या रिकाम्या जागेची. 45 कोल्ट हे 1873 चे काडतूस 40 ग्रेन काळ्या, म्हणजे जुन्या धूर करणाऱ्या दारूसाठी बनले होते. आजची बिनधुराची दारू त्यात चिमूटभरच लागते. नळी खाली झुकली की ती गोळीकडे सरकते, वर केली की प्रायमरकडे येते, आणि त्याप्रमाणे वेग बदलतो. दाब कमी पडला तर पितळ फुगून चेंबरला, म्हणजे काडतूस बसण्याच्या खोबणीला, घट्ट बसत नाही. मग काजळी मागे येते आणि पुंगळ्या काळ्या निघतात. सर्वांत वाईट म्हणजे चुकून दुप्पट दारू पडली तरी ती पुंगळीत सहज मावते व बंदूक फुटू शकते. म्हणून गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत दिव्याच्या उजेडात डोकावून पाहतात. ट्रेल बॉस ही दारू यासाठीच लोकप्रिय झाली: मेदुवड्यासारखे मध्ये भोक असलेले तिचे दाणे वजनाच्या मानाने पुष्कळ जागा व्यापत. गेल्या काही वर्षांत ती मिळेनाशी झाली. दुसरा मार्ग पुंगळीच आखूड करण्याचा, तो 45 काउबॉय स्पेशलने घेतला. बहुतेक जण सरळ 38 स्पेशल या लहान काडतुसाकडे वळतात. देखाव्याला ते जरा किरकोळ वाटते, पण स्वस्त आणि सौम्य. 44-40 या जुन्या काडतुसाच्या पुंगळीचे तोंड पातळ असल्याने ती चेंबर छान बंद करते, मात्र भरताना हात घाईचा असला तर चुरगळते.

रायफलीच्या नळीसारख्या मॅगझिनमध्ये (काडतुसांच्या साठ्यात) ती एकामागे एक टेकून असतात. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाचा प्रायमर उडवू शकते, म्हणून गोळीचे नाक चपटे हवे. स्प्रिंगच्या दाबाने गोळी आत सरकू नये यासाठी पुंगळीची कड गोळीवरच्या खाचेत वळवतात. 1873 च्या विंचेस्टर घडणीच्या रायफली काडतुसाच्या एकूण लांबीबाबत फार चोखंदळ. थोडा फरक पडला तरी यंत्रणा अडते.

स्पर्धेतील काळ्या दारूच्या गटात गणित उलटे. तिथे धूर दिसलाच पाहिजे, आणि दारू व गोळी यांच्यात मोकळी जागा ठेवणे धोक्याचे मानतात. गोळीला मधमाशांच्या मेणाचे मऊ वंगण लावतात, नाहीतर नळीत कडक थर साचतो. हा थर हवेतला ओलावा ओढून लोखंड गंजवतो, त्यामुळे स्पर्धेच्याच संध्याकाळी नळ्या गरम पाण्याने धुऊन तेल लावावे लागते, पुंगळ्याही धुतात.